कपाट, झोळी आणि चहाची वेळ

तिच्या टेबलाखाली एक माणूस होता.

आधी दिसले ते फक्त दोन बूट, त्यातल्या एकाची नाडी सुटलेली. मग टेबलाला धाडकन डोकं आपटल्याचा आवाज आला, पाठोपाठ अगदी मनापासून "आई गं!"... आणि कुरळ्या केसांचं एक टोपलं हळूहळू वर आलं. केसांत कोळ्याचं जाळं अडकलेलं.

"कोण तुम्ही? आणि माझ्या टेबलाखाली काय करताय?"

"वायर शोधतोय," तो डोकं चोळत म्हणाला. "नेटची."

"माझी?"

"माझी. पण ती तुमच्या टेबलाखालून जाते. म्हणजे... जायला हवी, असं म्हणाले."

"कोण म्हणाले?"

तो हसला. हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, हे तिच्या लगेच लक्षात आलं. आणि हे आपल्या लक्षात का आलं, याचाही तिला लगेच संशय आला.

"तुम्ही रोजच अशी उलटतपासणी घेता," त्याने विचारलं, "की आज पहिला दिवस म्हणून खास?"

रोजच घ्यायची. घरी तिला हवालदारच म्हणत. लहानपणी दादाच्या खिशातलं चॉकलेट कुणी खाल्लं, हे तिने सगळ्यांचे हात हुंगून शोधून काढलं होतं. तेव्हा दादाने ठेवलेलं हे नाव, आणि बाईसाहेब त्या नावाला जागल्या! बरं, तिला दोष तरी कसा द्यावा? आधीच्या नोकरीत एका वरिष्ठाने "तू फार हुशार आहेस हं" असं म्हणत म्हणत तिचं वर्षभराचं काम स्वतःच्या नावावर खपवलं होतं. तेव्हापासून कुणी गोड बोललं, की तिच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा. आणि हा कुरळ्या तर बोलायचा म्हणजे नुसती साखरपेरणी.

तिचं काम बस थांब्यांवरच्या पाट्यांचं. पुढची बस किती मिनिटांत येणार ते सांगणाऱ्या दिव्यांच्या पाट्या असतात ना, त्यांचे प्रोग्रॅम ती लिहायची. कुरळ्याची कंपनी तीच माहिती मोबाइलवर दाखवायची. मग दोन्ही कंपन्यांचं लग्न लागलं आणि नवी मंडळी जुन्यांच्या खोलीत राहायला आली. टेबलाला टेबल लागलं, पण संसार काही एक होईना. कारण केलेलं काम सांभाळून ठेवायची जुन्यांची रीत वेगळी आणि नव्यांची वेगळी.

जुन्यांकडे एकच मोठं सामायिक भांडार. फाइल तिथून घ्यायची, बदलायची, परत तिथेच ठेवायची. त्याला सगळे 'कपाट' म्हणत. नव्यांकडे ज्याच्या त्याच्यापाशी सगळ्या कामाची पूर्ण प्रत. आपापल्या प्रतीत हवं ते करायचं आणि सवडीने इतरांशी जुळवून घ्यायचं. ती 'झोळी'. कपाटवाले झोळी खांद्याला लावायला तयार नाहीत, झोळीवाले कपाटापुढे रांग लावायला तयार नाहीत. शेवटी कुणीतरी एक छोटा प्रोग्रॅम लिहून मधे बसवून दिला. थोड्या थोड्या वेळाने तो जागा व्हायचा, कपाटातलं झोळीत आणि झोळीतलं कपाटात करायचा, आणि पुन्हा झोपायचा. त्याचं नाव अर्थातच 'मध्यस्थ'! लिहिणारा गृहस्थ नोकरी सोडून कधीच गेला होता, आणि मध्यस्थाच्या पोटात काय आहे ते उघडून बघायची कुणाची छाती नव्हती. चाललंय ना? मग चालू दे.

पण नीट कुठे चाललं होतं? पाटीत एक दोष होता. बस थांब्यावरून निघून गेली तरी पाटी म्हणायची, 'येत आहे'. लोक बिचारे मान उंच करून ताटकळत उभे. तिने दोन दिवस डोकं लावून तो दोष काढला. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर दोष परत जागेवर! कामाचा इतिहास उघडला, तर तिची दुरुस्ती पुसून तिथे आधीची फाइल आलेली. आणि ती आणून ठेवणाऱ्याचं नाव... कुरळ्याचं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या फाइलला हात लावलात तुम्ही?"

"मी?" त्याने खुर्ची फिरवली. "लावला ना. मोबाइलच्या चार ओळी घातल्या, रोजच घालतो. वेळेची फाइल आपली दोघांचीच आहे."

"'आपली' म्हणायची काही गरज नाही. माझ्या ओळी कुठे गेल्या?"

त्याने बघितलं. मग आणखी जवळ जाऊन बघितलं. त्याचं हसू मावळलं आणि कपाळावर आठी आली. ती आठी खरी वाटत होती. पण नाटकी माणसाची आठीसुद्धा खरीच वाटते, असं तिने मनाला बजावलं.

"ओळीच्या शेवटच्या खुणेचा घोळ असेल," तो म्हणाला. "प्रत्येक ओळ संपली की मशीन तिथे एक न दिसणारी खूण ठेवतं. तुमच्या मशीनची वेगळी, माझ्या मशीनची वेगळी. मध्यस्थाला वाटत असेल, सगळीच फाइल बदलली."

"न दिसणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही."

"मग दाखवतो. या इकडे."

ती गेली. त्याने कुठलीशी कळ दाबली आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला बारीक काळे ठिपके उमटले, मुंग्या लागाव्यात तसे. अय्या! इतकी वर्षं हे सगळं तिथेच होतं? बघता बघता ती जरा जास्तच वाकली. त्याच्या कोपराला तिचं कोपर लागलं. दोघांनीही ते काढून घेतलं नाही... म्हणजे, लगेच काढून घेतलं नाही. खिडकीतून वारा येत होता, त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता, आणि ती काळ्या ठिपक्यांकडे फार म्हणजे फारच लक्षपूर्वक बघत होती.

दोन्ही मशीनवर एकच खूण ठरवून टाकली. तिने दुरुस्ती पुन्हा केली. त्या संध्याकाळी ती गुणगुणत घरी आली, तेव्हा वहिनीने दादाकडे बघून भुवया उडवल्या.

चहाचं प्रकरण मात्र या सगळ्याच्या थोडं आधीच सुरू झालं होतं. चारला ती चहाला उठायची. तिचं उठणं म्हणजे उठणं, त्यात पुढेमागे नाही. उठण्याआधी हातातलं काम जमा करायचं, ही त्या खोलीची जुनी शिस्त. नव्यांनी बाकी काही नाही तरी तेवढी उचलली होती. तर ती काम जमा करून पर्स घ्यायची, मान वर करायची, आणि कुरळ्या दारात उभा!

"चहा?"

एकदा, दोनदा ठीक आहे. पण रोज? बाकी सगळ्या बाबतीत हा माणूस वेंधळा. मीटिंगला उशिरा, जेवायला उशिरा, कामात बुडाला की हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. मग चहालाच बरा वेळेवर!

"तुम्हाला कसं कळतं मी कधी उठणार ते?" तिने एकदा जिन्यात विचारलंच. खाली चहाच्या टपरीवर जायला जिना उतरावा लागे, आणि त्या जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत कबुतरं घुमत बसलेली असत.

"अंदाज."

"रोज बरोबर?"

"तुम्ही संशय घेताय, की कौतुक करताय?"

"ठरलेलं नाही अजून."

"आणि हे अहो-जाहो कधी संपणार?"

"पुरावा मिळाल्यावर."

"कसला पुरावा?"

"तू साधा माणूस असल्याचा," ती म्हणाली आणि जीभच चावली. 'तू' तोंडातून निसटून गेलं होतं. त्याने दोन कप घेतले, पण त्याची ती खळी मात्र चहा संपेपर्यंत हलली नाही. मग त्यालाही 'तू' म्हणायची परवानगी देणं आलंच.

आणि मग दुरुस्ती पुन्हा गायब झाली.

या वेळी तिने आरडाओरडा केला नाही. शांतपणे इतिहास चाळला. चहाच्या वेळेला. मागच्या वेळी? चहाच्याच वेळेला. आणि नाव दोन्ही वेळा त्याचंच! म्हणजे रोज गोड हसून हा तिला खुर्चीवरून उठवून खाली नेतो, आणि ती कबुतरं बघत चहाचे घोट घेत असते तेवढ्यात वर तिच्या कामावर बोळा फिरतो. हे पाणी मुरतंय ते इथे तर! तिला राग यायला हवा होता, पण आलं ते रडू. ते का आलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि मान्य मात्र करायचं नव्हतं.

त्यातच मोठ्या मॅडमनी बोलावलं. दोन्ही मंडळींच्या त्याच साहेब.

"थांब्यांवर लोक आपल्या नावाने खडे फोडतायत," मॅडम म्हणाल्या. "हे कोण करतंय ते मला उद्या संध्याकाळपर्यंत लिहून दे. जो असेल तो इथे राहणार नाही. आणि कुणीच सापडलं नाही, तर चूक तुझी समजून पाट्या मी दुसऱ्याकडे देईन."

घरी येऊन तिने मेल लिहिला. दोनच ओळींचा, त्यात त्याचं नाव. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच राहिलं. वहिनी कपड्यांच्या घड्या करता करता बघत होती.

"दाब की मग. अडलंय कुठे?"

"वहिनी, तो तसा वाटत नाही गं."

"मग दाबू नकोस."

"पण आधीचा तरी कुठे तसा वाटत होता? सगळे पुरुष असेच."

"तुझा दादापण?"

"दादाला कपट करायचं लक्षात तरी राहील का?"

वहिनी खुदकन हसली. मग हातातली घडी बाजूला ठेवून तिच्याजवळ येऊन बसली. "हे बघ हवालदार, आधीच्याचं खापर याच्या डोक्यावर फोडू नकोस. चोर वाटतो ना? मग रंगेहाथ पकड. चॉकलेटच्या वेळी नव्हतं का पकडलंस? आणि पकडलास की खुशाल दाब ते बटण, मी अडवायची नाही."

दुसऱ्या दिवशी हवालदाराने सापळा लावला. चहाच्या जरा आधी तिने दुरुस्ती पुन्हा केली आणि काम जमा केलं. मान वर केली. कुरळ्या दारात हजर.

"चहा?"

"डोकं दुखतंय. तू जा."

त्याचा चेहरा एवढासा झाला. क्षणभर तो तिथेच घुटमळला. "फार दुखतंय?"

"तू जा ना!"

तो गेला. ती डोळ्यात तेल घालून पडद्याकडे बघत बसली. एक डोळा फाइलवर, एक त्याच्या रिकाम्या खुर्चीवर. फाइल जागेवर होती. खुर्ची रिकामीच होती. अजून जागेवर... अजून... आणि जिन्यात पावलं वाजली.

"आलं घालून आणलाय," तो म्हणाला. "डोकं उतरेल."

दोन्ही हातांत दोन कप, काठोकाठ भरलेले. सांडू नयेत म्हणून तो सर्कशीतल्या माणसासारखा एकेक पाऊल टाकत येत होता. आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या डोळ्यांदेखत तिच्या ओळी पडद्यावरून गेल्या. जुन्या ओळी आल्या. शेजारी नाव उमटलं, त्याचं.

तिने त्या नावाकडे बघितलं. मग त्याच्या दोन हातांकडे बघितलं.

"तू नाहीयेस," ती म्हणाली.

"कोण नाहीये?"

"चोर! तू चोर नाहीयेस!" आणि तिच्या जिवात इतका जीव आला, की डोळेच भरून आले.

त्याने कप खाली ठेवले. "म्हणजे... इतके दिवस तुला मी चोर वाटत होतो?" हे विचारताना तो हसला नाही. खोटं बोलता आलं असतं, पण बोलावंसं वाटलं नाही.

"हो," ती म्हणाली. "मेलसुद्धा लिहून ठेवलाय. पाठवला नाही."

तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "पाठवला नाहीस ना? बरं. मग आता खरा चोर शोधू."

शेवटी त्यांनी मध्यस्थाचं पोट उघडलं. आत एकच नियम होता. कपाटात आणि झोळीत एकच फाइल बदललेली दिसली, तर जिची वेळ नंतरची ती ठेवायची, दुसरी टाकून द्यायची. कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही.

"पण मग माझीच राहायला हवी!" ती म्हणाली. "तू आधी जमा करून दारात जाऊन उभा राहतोस. मी तुझ्या मागून जमा करते. माझी वेळ नंतरची."

"बरोबर."

"मग हे काय?" तिने पडद्यावर बोट ठेवलं. त्याच्या फाइलपुढे जी वेळ लिहिली होती, ती चार वाजून गेल्यानंतरची होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजायचे होते अजून.

"ही वेळ तर अजून झालीच नाहीये!"

कुरळ्याच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या. हवालदाराच्या नजरेतून पाळ्या काय सुटणार! ती तडक उठून त्याच्या मशीनपाशी गेली. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ होतं, आणि ते चांगलं दहा-बारा मिनिटं पुढे धावत होतं.

"हे पुढे का आहे?"

"घरची सवय. आमची आई सगळी घड्याळं पुढेच ठेवते."

"आईला मधे आणू नकोस. तुझ्या हातातलं घड्याळ बरोबर आहे. हेच का पुढे?"

"ते... आपोआप..."

"आपोआप बरोबर होतं. पुढे करावं लागतं. खरं बोल."

त्याने केसांतून हात फिरवला. खिडकीकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग नाइलाजाने तिच्याकडे बघितलं.

"मी कामात बुडालो की मला कशाचं भान राहत नाही. पहिले काही दिवस मी मान वर करायचो तोवर तू चहाला जाऊन परतसुद्धा आलेली असायचीस. बरोबर चारला उठतेस तू, थांबत नाहीस कुणासाठी. म्हणून मग... घड्याळच पुढे केलं. इथे चार वाजून गेलेले दिसले, की मी दचकून काम जमा करतो आणि दारात. तुझ्या आधी."

ती बघतच राहिली.

"गजर लावायचा ना, वेड्या!"

"गजर वाजला असता तर सगळ्या खोलीला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"हेच," तो अगदी हळू म्हणाला, "की चहा मला आवडतच नाही."

आता तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. टेबलावरचा चहा गार होत होता, त्यावर साय धरली होती. म्हणजे रोज तो तिच्यासोबत नावडता चहा पीत होता, त्या चहासाठी पुढे केलेलं घड्याळ तिचं काम खात होतं, आणि ती त्याला खोलीतून हाकलायला निघाली होती! हसावं की रडावं तेच तिला कळेना. मग ती हसली. हसता हसता डोळे पुसले.

संध्याकाळी दोघं मॅडमसमोर उभे राहिले. मेल तिने पुसून टाकला होता.

"चूक माझी आहे," तो आधीच बोलून मोकळा झाला. "माझ्या मशीनचं घड्याळ पुढे होतं."

"चूक मध्यस्थाची आहे," तिने त्याला तोडलं. "दोघांचं काम एकाच जागी आलं, तर त्याने थांबून दोघांना विचारायला हवं. तो परस्पर एकाचं टाकून देतो. कुणाचंही घड्याळ कधीही चुकू शकतं, मॅडम. आम्ही दोघं मिळून तो नीट करतो."

मॅडमनी चष्मा काढला. "पण घड्याळ पुढे का होतं?"

कुरळ्याने बुटांकडे बघितलं. नाडी आजही सुटलेली होती.

"ते वैयक्तिक आहे, मॅडम," ती म्हणाली.

"किती वैयक्तिक?"

"चौकशी चालू आहे."

मॅडमनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग चष्मा परत लावला आणि कागद पुढे ओढले. "मध्यस्थ आधी नीट करा," त्या म्हणाल्या. "दोघंही इथेच बसून. आणि तुझं ते घड्याळ बरोबर कर."

घड्याळ तिने स्वतःच्या हाताने बरोबर केलं. मध्यस्थालाही विचारायची सवय लावली. दोघांच्या ओळी एका जागी आल्या की आता तो थांबायचा आणि दोघांनाही निरोप धाडायचा. दुरुस्ती जागच्या जागी राहिली. निघून गेलेल्या बसची वाट बघायची लोकांवर वेळ येईना.

आणि घड्याळ बरोबर झाल्यावर जे व्हायचं तेच झालं. चार वाजत आले तरी कुरळ्याचं डोकं पडद्यात. भान नाही, पत्ता नाही. खोलीतले एकेक जण उठून खाली गेले. मग त्याला शेजारी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. त्याने दचकून मान वर केली.

"चहा?" ती म्हणाली.

"अरे बापरे! वाजले?"

"अजून वाजायचेत."

"मग तू इतक्या लवकर कशी उठलीस? तू तर कुणासाठी..."

"मला एक संशय आहे," ती त्याला पुढे बोलू न देता म्हणाली.

"आता कसला?" तो घाबरलाच. "मी काही केलं नाहीये हं!"

"केलंयस. मला असा दाट संशय आहे, की मी तुझ्या प्रेमात पडलेय."

कुरळ्याचं तोंड उघडं राहिलं. मग तो चाचरत म्हणाला, "पुरावा?"

तिने मनगट पुढे केलं. तिच्या हातातलं घड्याळ चांगलं दहा-बारा मिनिटं पुढे होतं.

"कॉम्प्युटरला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "तुझ्या आधी उठून तयार असावं म्हणून फक्त हेच."

त्याने तिचं मनगट हातात धरलं. घड्याळ बघायला धरलं होतं, पण ते बघून झाल्यावरही सोडलं नाही. तिनेही सोडवून घेतलं नाही.

"चल," तो उठत म्हणाला.

"आधी काम जमा कर. आणि नाडी बांध," ती म्हणाली. "आणि हे बघ, तू सरबत घे. चहा मी पिते."